लॉकडाऊनमध्ये बागकामाचा धंदा कसा सांभाळायचा? सल्ला हवाय

हिरवाई_पुणे (२८ एप्रिल २०२१)
नमस्कार मंडळी. पुण्यात माझा बागांच्या देखभालीचा व्यवसाय आहे. ११ सोसायट्या, ७ माळी, हडपसरच्या पुढे अर्ध्या एकरावर नर्सरी. १४ तारखेला निर्बंध कडक झाले आणि ८ सोसायट्यांनी माळ्यांना गेटवरूनच परत पाठवलं. दोन कमिट्या म्हणतात, माणूस आलाच नाही तर पैसे कशाचे? त्यांचंही चूक नाही. पण पगार थांबवले तर माणसं गावी जातील. गेल्या वर्षी तिघे गेले, एकच परत आला. काल एका वॉचमनने व्हिडिओ कॉलवर लॉन दाखवलं. कडेकडेने पिवळं पडत चाललंय. जीव तुटतो हो. आणि नर्सरीतला माल तर जागचा हललेला नाही.

उरुळीची_रोपं
दादा, आमची नर्सरी उरुळी कांचनला. बाकी सगळं राहू द्या, आधी रोपं हलवा. विक्री थांबली की पिशव्या एकाच जागी पडून राहतात आणि भोकांतून मुळं जमिनीत उतरतात. गेल्या वर्षी आम्ही मार्चपासून पाणी घालत राहिलो, हलवायचं राहून गेलं. जूनमध्ये गाडी भरायला बकुळीची मोठी पिशवी उचलली, तर खालून मुळं कडाकड तुटली. दोन दिवसांत झाडाने मान टाकली. अशी अख्खी ओळ गेली. दोन-तीन आठवड्यांनी एकेक ओळ उचला, बाहेर आलेली मुळं छाटा, खाली जाड प्लास्टिक अंथरा आणि दोन-चार दिवस शेडनेटखाली ठेवून पाणी द्या. मोठी झाडं स्वस्तात काढू नका, आपला हंगाम पावसाचा. आंध्रातल्या कडियमच्या नर्सऱ्यांतून माल मागवत असाल तर सध्या थांबा. गाडी कुठे अडकली तर रोपं ताडपत्रीखाली उकडून निघतात.

खजिनदार_ताई
मी कमिटीच्या बाजूने सांगते. आम्ही एका माळीदादांना क्लब हाऊसमागची खोली दिली, डब्याच्या पाळ्या लावल्या. ते आवारातच राहतात, त्यामुळे ये-जा नाही आणि कुणाची हरकतही नाही. अर्थात, दादांची स्वतःची तयारी होती म्हणूनच. तुम्ही कमिटीला लेखी द्या: सध्या फक्त पाणी आणि सफाई, त्याचे निम्मे पैसे, राहिलेलं छाटणी-खताचं काम पावसाळ्यात भरून देऊ. नुसतं "पैसे द्या" म्हटलं की मीटिंगमध्ये वाद होतात, कामाचा हिशेब समोर ठेवला की सह्या होतात.

माती_आणि_मी
लॉन कापू नका. अडीच-तीन इंच वाढू दे, मुळांशी सावली राहते. रोज शिंपडण्यापेक्षा दोन दिवसांआड पहाटे भरपूर पाणी. वॉचमनला दाखवा: स्क्रू ड्रायव्हर चार बोटं सहज रुतला पाहिजे. उन्हात युरिया टाकला तर उरलेलंही करपेल.

उरुळीची_रोपं
परवानगीचंही बघा. आदेशात शेतीची बियाणं, खतं, अवजारं अत्यावश्यक सेवांत आहेत. पण तेवढ्यावर विसंबून टेम्पो काढू नका, आधी वॉर्ड ऑफिस आणि पोलीस चौकीत विचारा.

हिरवाई_पुणे
ताई, तुमच्या मजकुराचं पत्र आजच सहा कमिट्यांना पाठवलं. एकीने खोली द्यायची तयारी दाखवली, माळीकाकाही राहायला तयार आहेत. उरुळीकर, संध्याकाळी कदंबाच्या पिशव्या उचलून पाहिल्या. मुळं नुकतीच बाहेर डोकावतायत. उद्या पहाटेपासून पहिली ओळ हलवतो.