मदत हवी आहे: फंक्शनमध्ये भार बरोबर दिसतो, पण एलएमला तो सापडत नाही (आर)

नवशिकी_आर:

मंडळी, दोन दिवस डोकं फोडून झालं, आता शरण आले आहे.

आर या संख्याशास्त्राच्या प्रोग्रामिंग भाषेत सर्वेक्षणाच्या डेटावर एकच रिग्रेशन (एलएम हे त्याचं फंक्शन) तीन वेगवेगळ्या भारांनी (कुठल्या ओळीला किती महत्त्व द्यायचं ते सांगणारे आकडे) चालवायचं आहे. तेच तेच लिहायला नको म्हणून छोटं फंक्शन केलं. मोबाइलवरून टंकतेय, म्हणून कोडही देवनागरीतच आहे, सांभाळून घ्या:

मॉडेल_कर <- फंक्शन(सूत्र, माहिती, भार) {
  एलएम(सूत्र, डेटा = माहिती, वेट्स = भार)
}

गेल्या महिन्यात हे बिनतक्रार चालत होतं. फक्त एक खटकायचं: तिन्ही भारांना सहगुणक अगदी शेवटच्या दशांशापर्यंत सारखे यायचे. मला वाटलं, भारांनी फारसा फरक पडत नसेल.

परवा आर बंद करून नव्याने सुरू केलं, तर आता एरर येते: ऑब्जेक्ट 'भार' नॉट फाउंड. पण एलएमच्या आदल्या ओळीत प्रिंट(भार) लिहिलं की सगळे आकडे व्यवस्थित छापून येतात! आणि 'माहिती' हेसुद्धा आर्ग्युमेंटच (फंक्शनला बाहेरून दिलेली गोष्ट) आहे ना? ते कसं सापडतं?

झटपट_उपाय:

फंक्शनच्या पहिल्या ओळीत भार <<- भार लिही. चालेल.

अवशेष:

चालेल, पण कृपया करू नका. डबल ॲरोने भार ग्लोबलमध्ये, म्हणजे फंक्शनबाहेरच्या सामायिक जागेत, जाऊन बसतो आणि काम झाल्यावरही तिथेच राहतो. त्याच नावाचं आधीचं काही असेल तर ते गेलंच.

नवशिकी, एक सांगा. गेल्या महिन्यात चालत होतं तेव्हा कन्सोलवर 'भार' नावाचं काही बनवलं होतं का? आणि फॉर्म्युला (तुमचं 'सूत्र') कुठे लिहिता, फंक्शनच्या आत की बाहेर?

नवशिकी_आर:

फॉर्म्युला बाहेर लिहून आत पाठवते. आणि हो, सुरुवातीला फंक्शन नव्हतं तेव्हा भार <- म्हणून एक व्हेक्टर (आकड्यांची यादी) केला होता. पण तो जुना झाला, फंक्शनला मी दरवेळी नवीन भार देते.

अवशेष:

मग चोर सापडला. जरा सविस्तर लिहितो.

आरमध्ये फॉर्म्युला म्हणजे नुसता मजकूर नाही. तो ज्या एन्व्हायर्नमेंटमध्ये (नावं आणि त्यांच्या किमती ठेवायची जागा) लिहिला गेला, तिचा पत्ता सोबत घेऊन फिरतो. तुमचा फॉर्म्युला कन्सोलवर जन्मला, म्हणून त्याचा पत्ता ग्लोबलचा. फंक्शनमध्ये पाठवल्याने पत्ता बदलत नाही.

आता एलएम काय करतं? डेटा हे साधं आर्ग्युमेंट, ते तुमच्या फंक्शनच्या आतच शोधलं जातं, म्हणून 'माहिती' सापडते. वेट्सचं तसं नाही. तिथे लिहिलेलं नाव आधी डेटाच्या स्तंभांत शोधतात आणि तिथे नसेल तर फॉर्म्युलाच्या पत्त्यावर. तुमच्या फंक्शनच्या घरात कोणी डोकावतच नाही. एलएमच्या सबसेट आणि ऑफसेट या आर्ग्युमेंटांचीही हीच गत, आणि जीएलएम या भावंड फंक्शनची पण.

म्हणजे गेल्या महिन्यात एलएमला तुमचा ग्लोबलमधला जुना भार मिळत होता. तिन्ही वेळा तोच! लांबी वेगळी असती तर निदान लांबी जुळत नाही म्हणून एरर तरी आली असती. ओळी तेवढ्याच असल्यामुळे गुपचूप खपून गेलं. एरर परवा आली हे तुमचं नशीब समजा, चूक महिनाभर आधीची आहे.

खात्री हवी असेल तर आरसोबत येणारा गाड्यांचा डेटा एमटीकार्स घ्या (३२ ओळी). ग्लोबलमध्ये भार म्हणून ३२ वेळा १ ठेवा. मग एमपीजी ~ डब्ल्यूटी (गाडीच्या वजनावरून मायलेज) हा फॉर्म्युला बाहेर लिहून तुमच्या फंक्शनला हवे ते भार द्या. दरवेळी ३७.२८५ आणि -५.३४४ हेच सहगुणक येतील, म्हणजे बिनभाराचं उत्तर.

अर्धविराम:

याच उदाहरणात आणखी एक खड्डा आहे. आर्ग्युमेंटचं नाव 'भार'ऐवजी 'डब्ल्यूटी' ठेवलं असतं तर? एमटीकार्समध्ये त्या नावाचा स्तंभ आहे, गाडीचं वजन. डेटा आधी बघितला जातो, त्यामुळे गाडीचं वजनच भार म्हणून वापरलं गेलं असतं. ना एरर, ना वॉर्निंग.

आणि नाव 'वेट्स'च ठेवलं तर त्याच नावाचं आरचं स्वतःचं फंक्शन सापडतं आणि 'इनव्हॅलिड टाइप (क्लोजर)' अशी अगम्य एरर येते. मी त्यात एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे.

नवशिकी_आर:

बाप रे. आता आठवलं, मी एकदा फॉर्म्युला स्ट्रिंग (साधा मजकूर) म्हणून पाठवला होता आणि आत ॲज डॉट फॉर्म्युला वापरून त्याचा फॉर्म्युला केला होता, तेव्हा तीन वेगळी उत्तरं आली होती. मला वाटलं तेच चुकलं, म्हणून काढून टाकलं!

अवशेष:

अरेरे, तीच उत्तरं बरोबर होती. आत बनवलेल्या फॉर्म्युलाला आतला पत्ता मिळतो.

उपाय म्हणाल तर मी हा वापरतो:

माहिती$भार_स्तंभ <- भार
एलएम(सूत्र, डेटा = माहिती, वेट्स = भार_स्तंभ)

फंक्शनच्या आत केल्याने मूळ डेटाला धक्का लागत नाही. फक्त फॉर्म्युल्यात उजवीकडे नुसतं टिंब असेल (वाय ~ .) तर हे करू नका. टिंब म्हणजे उरलेले सगळे स्तंभ, त्यात भारही स्वतंत्र चल म्हणून घुसेल. तेव्हा एन्व्हायर्नमेंट(सूत्र) <- एन्व्हायर्नमेंट() ही ओळ एलएमच्या आधी टाका, म्हणजे पत्ताच बदलतो. पण मग फॉर्म्युल्यातलं एखादं चल डेटात नसून दुसऱ्याच फंक्शनच्या पोटात असेल तर ते हरवेल. म्हणून पहिली पसंती स्तंभालाच.

अर्धविराम:

+१. शिवाय आरस्टुडिओच्या (आर चालवायचं ॲप) सेटिंगमध्ये सुरू होताना जुनं वर्कस्पेस परत आणण्याची खूण काढून टाका, आणि बंद करताना सेव्ह करायलाही 'नेव्हर' ठेवा. जुना भार असाच दिवसेंदिवस मुक्काम ठोकून राहतो.

नवशिकी_आर:

स्तंभवाला उपाय केला. तीन भार, तीन वेगळी उत्तरं! खूप खूप आभार.

फक्त एक शेपूट उरलं. बाहेर येऊन त्या मॉडेलवर अपडेट (मॉडेल थोडं बदलून पुन्हा चालवणारं फंक्शन) चालवलं की आता 'माहिती' नॉट फाउंड.

अवशेष:

भावंडंच ती. मॉडेल आपल्यासोबत एलएमची मूळ हाक जपून ठेवतं, आणि त्यात 'डेटा = माहिती' असं नुसतं नाव असतं. अपडेट ती हाक तुम्ही उभ्या आहात तिथे, म्हणजे बाहेर, पुन्हा मारतं. तिथे कुठली माहिती? अपडेट वापरू नका, बदललेला फॉर्म्युला मॉडेल_करलाच पुन्हा द्या.

नवशिकी_आर:

झालं. आता गाइडना मेल लिहायला बसते, गेल्या महिन्यात पाठवलेला तक्ता बाद करा म्हणून.

झटपट_उपाय:

माझा डबल ॲरो मागे घेतो. माझ्याही दोन स्क्रिप्ट तपासाव्या लागणार असं दिसतंय.