पीआर एजन्सीची मुलाखत: शुक्रवारी असाइनमेंट, सोमवारी सबमिट, मग सगळं गार

बोरूबहाद्दर: गेल्या महिन्यात लोअर परळच्या एका पीआर (जनसंपर्क) एजन्सीत मुलाखत दिली. नाव विचारू नका. पहिला राउंड फोनवर, दुसरा झूमवर. शुक्रवारी संध्याकाळी सहाला मेल आला: वॉटर प्युरिफायरच्या क्लायंटसाठी मराठी आणि इंग्रजी प्रेसनोट, आषाढी वारीत काय करता येईल त्याचा प्लॅन, आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या ४० पत्रकारांची यादी, मोबाइल नंबरांसकट. सोमवारी दहाच्या आत. शनिवार-रविवार त्यात घातला, आतेभावाचा साखरपुडा बुडवला. त्यानंतर चकार शब्द नाही. दोनदा मेल टाकला. ही परीक्षा की फुकटची वेठबिगारी?

एजन्सीवाला: मी टेबलाच्या पलीकडे बसतो, शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय. बायोडेटात सगळ्यांचं मराठी 'उत्तम' असतं. लिहायला दिलं की 'सदर कंपनीस घोषणा करताना अत्यंत आनंद होत आहे की' इथून गाडी सुटते आणि खरी बातमी चौथ्या परिच्छेदात सापडते. पेपरच्या डेस्कवर जागा कमी पडली की बातमी खालून कापतात हो! गप्पा मारून हे कळत नाही, लिहून घ्यावंच लागतं. आणि कल्पना चोरण्याचं म्हणाल, तर वारी म्हटलं की जो तो पाणपोई आणि पायांना मालिश घेऊन येतो. चोरायचं काय त्यात?

काळाकोट: कल्पनेवर कॉपीराइट नसतोच, 'आर. जी. आनंद' खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९७८ सालीच ते स्पष्ट केलंय. पण तुम्ही लिहिलेली प्रेसनोट तुमची. १९५७ च्या कायद्याप्रमाणे नोकरीत असताना केलेलं काम सहसा मालकाचं होतं. उमेदवार काही नोकर नव्हे, आणि हक्क द्यायचे तर लेखी, सहीनिशी द्यावे लागतात. तेव्हा कुठल्या फॉर्मवर सही केलीत ते आधी बघा.

निवृत्त उपसंपादक: प्रेसनोटचं सोडा, ती यादी कशी काय दिलीत? तुमच्यासारख्यांच्या याद्यांमुळेच आम्हाला पानं लावायच्या वेळी फोन यायचे, 'सर, बातमी लागली का?' एकदा माझं आडनाव 'श्री. क्रीडा' होतं, कुणीतरी एक्सेलचा रकाना सरकवला असणार. प्लॅन परत मागता येईल, दुसऱ्याचा नंबर नाही.

बोरूबहाद्दर: काका, हे मात्र लागलं. त्यातले सात-आठ जण माझ्या ओळखीचे होते. विचारलं नव्हतं त्यांना.

नवीपास: सगळे मोठे लोक बोलतायत म्हणून लिहिते. मी या वर्षी मास कॉम केलं. 'असाइनमेंट करणार नाही' म्हणायची आमची टाप नाही, मागे वीस जण उभे असतात. आणि मला ती आवडते! तोंडी मुलाखतीत इंग्रजी फाडफाड बोलणारी पुढे जाते, लेखी कामात माझी साताऱ्याची मराठी कामाला येते. ती बंद केलीत तर आमचं काय?

बोरूबहाद्दर: अगं, बंद करा कोण म्हणतंय? ऑफिसात बसवा, तासाभराचा वेळ द्या, खोटा क्लायंट द्या. खऱ्या क्लायंटचं नाव कशाला? शिवाय झूमवर मला विचारलं, कव्हरेजची, म्हणजे छापून आलेल्या बातमीची किंमत तेवढ्याच जागेच्या जाहिरातीच्या दराने कशी काढाल? ही मोजपट्टी २०१० च्या बार्सिलोना तत्त्वांनी (पीआरचं काम कसं मोजावं याची आंतरराष्ट्रीय तत्त्वं) मोडीत काढली, असं मी म्हटलं. समोरच्या बाई हसून म्हणाल्या, "क्लायंटला तेच लागतं."

एजन्सीवाला: लागतं खरं, काय करणार. खोटा क्लायंट दिला की लोक गांभीर्याने घेत नाहीत, अनुभव आहे. उत्तर न पाठवणं मात्र चूक, तिथे माझी वकिली नाही. आमच्याकडेही एकदाच साचा बनवला होता नकाराच्या मेलचा. 'प्रिय उमेदवार' असा, नाव न घालताच गेला शंभर जणांना.

नवीपास: मला आलाय तो 😄