‘देश पाच वर्षं लष्कराकडे द्या’ म्हणणाऱ्यांसाठी

पेठेतला
काल सोसायटीच्या ग्रुपवर एकानं टाकलं: ‘पाच वर्षं लष्कराकडे द्या, देश सुतासारखा सरळ होईल.’ खाली बावीस अंगठे. त्यातल्या निम्म्यांना हेल्मेटसक्ती सोसत नाही! पाकिस्तानात ७ ऑक्टोबर १९५८ ला राष्ट्राध्यक्ष इस्कंदर मिर्झांनी मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, पुकारला आणि वीस दिवसांत लष्करप्रमुख अयुब खानांनी त्यांनाच घरी बसवलं. ब्रह्मदेशात लष्करप्रमुख ने विन १९५८ मध्ये सत्तेवर आले, १९६० मध्ये शहाण्यासारखे परतले. १९६२ मध्ये पुन्हा आले ते १९८८ पर्यंत सूत्रं सोडायला तयार नव्हते.

कॅम्पकर
पुस्तकं ठेवा बाजूला. सकाळी पुण्याच्या लष्करी कॅम्पात चक्कर मारा, झाडांचे बुंधेसुद्धा गेरू-चुन्यानं रंगवलेले. आमच्या गल्लीचा रस्ता वर्षात तीनदा खणलाय. १९५३ मध्ये लष्करानं लाहोर झाडून लख्ख केलं होतं, तेही सांगा की.

पेठेतला
सांगतो. लोक खूष झाले आणि पाच वर्षांत तेच लष्कर देशाच्या उरावर बसलं.

मणका_सरकलेला
हेल्मेटचा इथे काय संबंध? हायवेवर ठीक, लक्ष्मी रोडवर वीसच्या स्पीडला कशाला? माझ्या मानेचं दुखणं तुम्ही काढणार का?

सोलापूरची_लेक
माझा भाचा कात्रज घाटात हेल्मेटमुळे वाचला, तेव्हा मान राहू द्या.
आणि कॅम्पकर, आमच्याकडे मे १९३० मध्ये मार्शल लॉ होता. गांधीटोपी घातली तरी पकडायचे. आजी सांगायची, आजोबांची टोपी तिनं ज्वारीच्या कणगीत तळाशी पुरली होती. त्या मे महिन्याच्या प्रकरणात चौघांना १२ जानेवारी १९३१ ला फाशी झाली, तुमच्या येरवड्यात.

कॅम्पकर
ते गोऱ्यांचं लष्कर होतं, ताई. आपलं तसं नाही.

मणका_सरकलेला
भाच्याचा वेग किती होता ते आधी सांगा.

सोलापूरची_लेक
पस्तीस. ट्रकवाल्याला विचारा त्याचा किती होता!

माजी_सुभेदार
आम्हाला कुणी विचारलंय का? चोवीस वर्षं काढली मी. पुरात बोलावलं की जायचं, माणसं काढायची, बराकीत परत. एकदा रेशन वाटपावर आठवडाभर बसवलं होतं. चौथ्या दिवशी आमचाच एक पोरगा ओळखीच्यांना आधी पिशव्या देताना सापडला. वर्दी तीच, खुर्ची बदलली. आणि ते बुंधे आम्हीच रंगवतो, साहेब यायचे असले की.

कॅम्पकर
बरं, पाच वर्षं नको. सहा महिने?

पेठेतला
दक्षिण कोरियात ३ डिसेंबर २०२४ ला मार्शल लॉ लागला, तर खासदारांनी रात्रीतच १९० विरुद्ध शून्यानं उडवला. तुमचे बावीस अंगठे निघतील का त्या रात्री घराबाहेर?

मणका_सरकलेला
हेल्मेट घालून?