'हेन्री पाचवा': काय गाळलं त्यावरून चित्रपट जोखायचा का?

विंगेतला:
शेक्सपिअरच्या ऐतिहासिक नाटकावरचा चित्रपट पाहताना लोक भाषणं आणि लढाया बघतात. मी आधी कात्री कुठे चालली ते बघतो. लॉरेन्स ऑलिव्हिएचा १९४४ चा 'हेन्री पाचवा' घ्या, इंग्लंडच्या राजाच्या फ्रान्सवरच्या स्वारीचा. स्वारीआधी साउदॅम्प्टन बंदरात पकडलेले तीन फितूर गायब. राजाचा जुना दोस्त बार्डोल्फ, त्याची फाशी गायब. हार्फ्लर या फ्रेंच शहराच्या वेशीपाशी राजा बायकापोरांवरून जी भयंकर धमकी देतो, तीही गायब. राजाने दिलेल्या फ्रेंच कैदी मारायच्या हुकमाचं तर नावच नको. उरतो एक चकचकीत राजा. टेक्निकलर झकास आहे, पण हा प्रचारपट झाला. १९८९ चा केनेथ ब्रॅनाचा त्याहून कितीतरी प्रामाणिक. चिखल आहे, पाऊस आहे, जुना दोस्त फासावर जाताना राजाच्या डोळ्यांत पाणी आहे.

तिसरी_घंटा:
साफ असहमत. १९४४ मध्ये ब्रिटन लढत होतं, चित्रपट कमांडो आणि हवाई सैनिकांना अर्पण केलाय, त्यात लपवाछपवी कसली? आणि सुरुवात बघा ना. शेक्सपिअरच्या काळातलं ग्लोब थिएटर, प्रेक्षकांची दंगल, विंगेत खाकरून घसा साफ करणारा नट. मग रंगवलेल्या पडद्यासारखी नगरं आणि शेवटी आयर्लंडच्या खऱ्या माळावर फ्रेंच घोडदळाची दौड, संगीतकार वॉल्टनच्या संगीतावर. नाटकातून सिनेमात असं कुणी नेलं होतं? ते सोडून तुम्ही गाळलेल्या ओळी मोजताय.

भालदार:
विंगेतला, कैदी मारायचा हुकूम ब्रॅनानेही गाळलाय. त्याबद्दल अवाक्षर नाही तुमचं!

विंगेतला:
गाळलाय, मान्य. पण सामानाची राखण करणारी पोरं फ्रेंचांनी मारली ते तो दाखवतो. हुकूम त्याच रागातून आलेला, म्हणजे कारण तरी शाबूत आहे.

भालदार:
नाही हो. चौथ्या अंकाचा सहावा प्रवेश काढा. फ्रेंच पुन्हा जमताहेत एवढं कळताच राजा हुकूम सोडतो. पोरांची बातमी सातव्या प्रवेशात येते आणि तिथे गावर हा इंग्रज अधिकारी म्हणतो, राजाने त्यासाठीच कैदी मारले, योग्यच केलं. म्हणजे सबब मागाहून चिकटवलेली. शेक्सपिअरची खरी गंमत या दोन प्रवेशांच्या फटीत आहे. ब्रॅना ती बुजवून राजाला नुसता संतप्त आणि दुःखी करतो. मग मेलेल्या पोराला खांद्यावर घेऊन चिखलातून चालणं, मागे 'नॉन नोबिस' हे लॅटिन स्तोत्र चढत जाणं... शॉट जबरदस्त आहे, मीही रडलोय. पण राजाला धुऊन काढायचं काम तोही करतोच, फक्त साबण वेगळा.

झब्बू:
याच राजावरच्या २०१९ च्या 'द किंग'चा विषय कुणी काढलाच नाही! त्यात राजाचा जुना दोस्त फॉल्स्टाफ चक्क याच स्वारीतल्या अझिनकोर्टच्या लढाईत लढून मरतो. नाटकात तो स्वारी निघण्याआधीच लंडनला अंथरुणात गेलेला.

तिसरी_घंटा:
त्यात शेक्सपिअरच्या ओळीच नाहीत, त्याला या फूटपट्टीने मोजू नका.

विंगेतला:
भालदार, फटीचा मुद्दा बिनतोड. तरी ब्रॅनाच्या शेवटी सूत्रधार झालेला डेरेक जेकबी सांगतो की हेन्रीच्या मुलाच्या कारकिर्दीत फ्रान्स गेलं आणि इंग्लंड रक्तबंबाळ झालं. धुवायचंच असतं तर हे कशाला ठेवलं असतं?