मदत हवी आहे : सशाची मान कलली आहे आणि घरात मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेले वडील आहेत

नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो. माझ्या मुलीने पाळलेल्या दोन सशांपैकी मोठ्याची मान अचानक डावीकडे कलली असून, उठू गेला की तो त्याच कुशीवर कोलमडतो. जवळून पाहिल्यास त्याची बुबुळे एका लयीत आडवी थरथरताना दिसतात. भूक मात्र शाबूत आहे. हरळी तोंडाशी धरली की पडल्या पडल्या खातो.

तालुक्याच्या पशुवैद्यकांना त्याच्या कानात पू किंवा खरजेच्या खपल्या आढळल्या नाहीत, म्हणून त्यांनी एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली या परजीवीचा संशय व्यक्त केला. हा अतिसूक्ष्म जीव पेशींच्या आत वाढतो, मेंदू, मूत्रपिंडे आणि डोळे यांना इजा करतो आणि त्याचे बीजाणू सशाच्या लघवीवाटे बाहेर पडतात. त्यांनी फेनबेंडॅझोल हे जंतनाशक औषध दर किलो वजनामागे २० मिलिग्रॅम या प्रमाणात रोज एकदा, सलग २८ दिवस द्यायला सांगितले आहे.

माझी खरी काळजी वडिलांची आहे. आईने दिलेले मूत्रपिंड त्यांच्या शरीरात बसवलेले असून, ते टिकावे म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे त्यांना कायम घ्यावी लागतात. निरोगी माणसाला या परजीवीचा त्रास सहसा होत नाही; परंतु एचआयव्हीबाधित तसेच अवयव प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांना त्याचा संसर्ग झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. वडिलांच्या डॉक्टरांनी फोनवर त्यांना सशांपासून पूर्णपणे दूर राहण्यास आणि ताप आल्यास लगेच दाखवण्यास सांगितले. त्यानुसार पिंजरा छपरीतून काढून गोठ्याच्या पलीकडे हलवला आहे आणि त्याची साफसफाई हातमोजे घालून मीच करतो.

अडचण आहे ती छपरीच्या जमिनीची. हे बीजाणू बाहेरच्या वातावरणात काही आठवडे तग धरतात. पिंजरा, भांडी उकळत्या पाण्याने किंवा ब्लीचच्या द्रावणाने निर्धोक करता येतात, पण शेणाने सारवलेल्या, लघवी मुरलेल्या मातीचे काय करावे? वरचा थर खणून काढून नवी माती भरावी, की तेवढा भाग बंद ठेवून काही महिने जाऊ द्यावेत? खणताना उडणारी धूळच वडिलांच्या नाकातोंडात जाईल, अशी भीती वाटते.

रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात होते का, हे कोणी सांगू शकेल का? त्यातून ससा या परजीवीच्या संपर्कात आला होता एवढेच कळते आणि वरून ठणठणीत दिसणाऱ्या अनेक सशांतही प्रतिपिंडे सापडतात, असे वाचले. तरी निष्कर्ष नकारात्मक आल्यास हे निदान बरेच मागे पडेल. दुसऱ्या सशात एकही लक्षण नाही. त्यालाही औषध द्यावे का?

दोन्ही ससे रानात सोडून द्या, असे शेजारी सुचवतात. ते मला मान्य नाही, कारण पिंजऱ्यात वाढलेला हा विलायती ससा आपल्या शिवारातल्या रानसशासारखा जगू शकत नाही. वडिलांना धोका राहणारच असेल, तर नीट काळजी घेणाऱ्या दुसऱ्या घरी ते देण्याची माझी तयारी आहे, अर्थात त्या घरात असा रुग्ण नसेल याची खात्री करूनच.

औषधाच्या दुकानात १५० मिलिग्रॅमची गोळी मिळते. सशाचे वजन दीड किलो, म्हणजे रोजची मात्रा ३० मिलिग्रॅम. गोळीचे हाताने पाच सारखे भाग होत नाहीत. ती पाण्यात कालवून सिरिंजने मोजून दिली तर मात्रा बिनचूक राहते का, की पातळ औषधच मागवावे? उपचार लगेच सुरू करायचे असल्याने याचे उत्तर आधी मिळाले तर बरे होईल.