मधु सप्रे यांनी नेमके काय गमावले?

स्टुडिओतला माणूस
"एका उत्तराने मुकुट गेला, एका छायाचित्राने कारकीर्द गेली, मराठी मुलींनी मधु सप्रे यांच्याकडून धडा घ्यावा," असे परवा येथे कोणीतरी लिहिले. ते वाचून गप्प राहवले नाही.

नागपूरच्या या मैदानी खेळाडू 'फेमिना'ची मिस इंडिया होऊन मे १९९२ मध्ये बँकॉकला गेल्या आणि मिस युनिव्हर्स स्पर्धेत तिसऱ्या आल्या. सुष्मिता सेन यांनी तो मुकुट आणला १९९४ मध्ये, म्हणजे सप्रे गेल्या तेव्हा तिथवर पोहोचलेली वाट फारशी कोणी पाहिलेली नव्हती. पुढे १९९५ मध्ये 'टफ' नावाच्या बुटांची जाहिरात आली. प्रबुद्ध दासगुप्ता यांनी टिपलेल्या त्या छायाचित्रात सप्रे आणि मॉडेल मिलिंद सोमण यांच्या अंगावर बुटांखेरीज काहीही नव्हते आणि दोघांभोवती अजगर होता. मुंबई पोलिसांनी अश्लीलतेचा गुन्हा नोंदवला. दोघांची निर्दोष सुटका झाली २००९ मध्ये.

त्या दशकात मी मुंबईत एका छायाचित्रकाराचा मदतनीस होतो. मासिकाच्या पानावर अंगाबरोबर शिवलेला वाटणारा झगा मागून कपड्यांच्या चिमट्यांनी आवळलेला असे, आणि ते चिमटे दिसू नयेत म्हणून मॉडेलला मान न वळवता तासन्‌तास उभे राहावे लागे. हिवाळ्याचा अंक आधीच तयार व्हायचा असल्याने ऐन उकाड्यात लोकरीचे स्वेटर चढवले जात. रीळ धुऊन आल्याशिवाय खात्री नसे, म्हणून एकच पवित्रा वीस वेळा द्यावा लागे. हे अंगमेहनतीचे काम आहे. ज्यांनी ते केले त्यांची आयुष्यभराची कमाई एका छायाचित्रात मोजू नका.

निवृत्त शिक्षिका
मेहनत मान्य आहे, पण मेहनतीने काम योग्य ठरत नाही. ती जाहिरात बुटांची होती आणि आज बूट कसे होते ते कोणालाही सांगता येणार नाही. लक्षात राहिले ते बाईचे उघडे अंग. माझा आक्षेप संस्कृतीच्या नावाने नाही, बाईला वस्तू विकण्याचे साधन करण्याला आहे.

शिवाय या चकचकीत पानांची किंमत कोण मोजते, तेही ऐका. माझी एक दहावीतली विद्यार्थिनी अशीच मासिके वहीत लपवून आणत असे. 'पोर्टफोलिओ', म्हणजे मॉडेलिंगचे काम मागताना दाखवायचा छायाचित्रांचा संच, करून देतो म्हणून एका एजन्सीने तिच्या वडिलांकडून पैसे घेतले. त्यांनी भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढली होती. दोन महिन्यांनी ते कार्यालय बंद झाले. मुलगी लाजेने परीक्षेलाही बसली नाही. सप्रे यांच्यासारखी एखादी बँकॉकला पोहोचते. बाकीच्या कुठे जातात, हे तुमच्या स्टुडिओतून दिसले नसेल.

दादरकर
मूळ मुद्दा मिस युनिव्हर्स स्पर्धेतल्या उत्तराचा होता. देशाची सूत्रे हाती आली तर प्रथम काय कराल, या प्रश्नाला सप्रे यांनी क्रीडासंकुल उभारीन असे उत्तर दिले. गरीब देशाच्या प्रतिनिधीने जगासमोर गरिबी, शिक्षण, आरोग्य यांतले काहीच बोलू नये? परीक्षेला बसायचे तर परीक्षकाला काय हवे ते कळलेच पाहिजे.

मैदानावरची आई
दादरकर, तुमचे हे वाक्य वाचून माझा संताप अनावर झाला. माझी मुलगी सात वर्षे गोळाफेक करत होती. तिच्या सरावाचे मैदान वर्षातून कितीदा तरी प्रदर्शनाला आणि सभांना दिले जाई. मंडप उठला की आम्ही आया पहाटे पिशव्या घेऊन खिळे वेचत असू, कारण मुली अनवाणी धावत. कपडे बदलायला आडोसा नव्हता; दोघींनी ओढणी धरायची आणि तिसरीने आत बदलायचे. पंधराव्या वर्षी मुली मैदान सोडतात त्यामागे हीच कारणे असतात. त्या मुलीला सुदृढ शरीर आणि आत्मविश्वास देणे हे शिक्षण आणि आरोग्य नव्हे, तर काय आहे? मैदानावर वाढलेल्या बाईने मैदान मागितले. ते प्रामाणिक उत्तर होते आणि मला ते आजही पाठ आहे.

दादरकर
खिळ्यांचे वाचून वाईट वाटले. तरीही पोटाला अन्न नसलेल्या मुलीला मैदान कशाला, हा प्रश्न उरतोच.

मैदानावरची आई
उरत नाही. आमच्या मैदानावर मुली येत त्या मिळणाऱ्या केळ्या-अंड्यांसाठीही येत. तुम्ही एकदा पहाटे येऊन पाहा, मग बोला.

न्यायालयात वावरणारा
छायाचित्राविषयी. भारतीय दंड संहितेच्या कलम २९२ खाली १९६४ च्या रणजित उदेशी निकालापासून आपल्याकडे जुनी इंग्रजी हिकलिन कसोटी चालली, म्हणजे कोवळ्या मनावर काय परिणाम होईल यावरून अश्लीलता ठरवायची. टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्यांच्या वाग्दत्त वधूचे मासिकातले नग्न छायाचित्र १९९३ मध्ये येथे पुन्हा छापले गेले. त्या अवीक सरकार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ती कसोटी सोडून समकालीन समाजाचे मापदंड स्वीकारले. म्हणजे सप्रे आणि सोमण यांच्यावरचा खटला जुन्याच कसोटीच्या काळात चालला आणि तरीही टिकला नाही. दरम्यान 'एल' आणि 'कॉस्मोपॉलिटन' १९९६ मध्ये, 'व्होग' २००७ मध्ये भारतात आले. दुकानांत ती मासिके लटकत होती आणि खटला संपलेला नव्हता. चौदा वर्षे तारखा पडणे हीच शिक्षा होती.

निवृत्त शिक्षिका
फौजदारी खटला व्हायला नको होता, इतके मान्य करते. निषेध करणे वेगळे आणि कोणाला चौदा वर्षे आरोपी ठेवणे वेगळे. जाहिरातीविषयीचे मत मात्र तेच आहे.

स्टुडिओतला माणूस
ताई, तुमच्या विद्यार्थिनीची हकिगत खोटी नाही. पैसे घेऊन पसार होणारे मीही पाहिले आहेत आणि त्यांच्याविषयी आम्ही तेव्हा बोललो नाही, ही आमची चूक आहे. पण एक सांगा. त्या छायाचित्रात दोघे होते आणि खटलाही दोघांवर होता. मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये झुरिकला पोहणे, सायकल आणि धावणे अशी आयर्नमॅन शर्यत पूर्ण केली तेव्हा सगळ्यांनी कौतुक केले, आणि ते योग्यच होते. त्यांनी कारकीर्द गमावली, मराठी मुलांनी धडा घ्यावा, असे कोणीही लिहिले नाही. सप्रे इटलीत स्थायिक झाल्या, तर आपण त्याला गमावणे म्हणतो.

निवृत्त शिक्षिका
या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही. परवाचा तो मजकूर मी इतरांना पाठवला होता. त्यांना आता हे तुमचे शेवटचे म्हणणेही पाठवते.