२०४५ च्या शाळेची गोष्ट लिहायला सांगितली, सगळ्यांनी रोबोटच आणलेत

खडूफळा:
बीड जिल्ह्यात झेडपी शाळेत सातवीला शिकवतो. पोरांना म्हटलं २०४५ च्या शाळेतला एक दिवस लिहा, डोक्यात असं होतं की अ‍ॅप नि एआयने शाळेत काय करावं, काय करू नये हे पोरांनीच सांगावं, आपल्याला विचारून थोडीच काही येतं शाळेत. पण निम्म्या वह्यांत रोबोट सर आणि बाकीच्यांत उडणारी एसटी. (एकाचा रोबोट सर छडी पण मारतो, ते आवडलं.) जबाबदारी हा शब्द काढला की लगेच 'विज्ञान शाप की वरदान' सुरू. काय करू?

मेतकूट:
सर, साल सांगूच नका, एक कागद द्या हातात. मी माझ्या वर्गात नोटीस दिली होती, अ‍ॅपकडून पालकांना आलेली, 'आपल्या पाल्याचे आज वर्गात लक्ष ४१ टक्के', आता घरी काय होतं ते लिहा. एका मुलीने लिहिलं, आईला वाचता येत नाही म्हणून तीच वाचून दाखवते, आणि ९१ सांगते. मग तासभर भांडण, की हे मोजायचंच कशाला नि मोजलं तर आधी कोणाला दाखवायचं.

उगाच_एक:
आधी पोरांना नीट वाचता येऊ द्या हो. गोष्टी लिहून कंपन्या थांबणारेत का?

दुसरी_घंटा:
थांबणार नाहीत, पण आधीच विचारलं तर फरक पडतो. इंग्लंडमध्ये २०२० ला कोविडमुळे ए-लेव्हलची (आपल्या बारावीसारखी) परीक्षा झाली नाही, ग्रेड अल्गोरिदमने ठरवल्या, त्यात शाळेचे मागचे निकाल धरले, शिक्षकांनी दिलेल्या ग्रेडपैकी जवळपास ४० टक्के खाली आल्या. पोरं रस्त्यावर उतरली, चार दिवसांत निर्णय मागे. साध्या शाळेतल्या हुशार पोराची गोष्ट कोणी आधी लिहून बघितली असती तर? आपल्याकडे २०२३ च्या डेटा कायद्यात १८ खालच्यांसाठी पालकांची संमती लागते, मुलांच्या ट्रॅकिंगला बंदी आहे, पण सरकार काहींना सूटही देऊ शकतं. २०२५ च्या नियमांत शिकवण्यापुरती नि मुलांच्या सुरक्षेपुरती ती सूट शाळांना दिलीय. त्यातून शाळेत काय होईल, इथून गोष्ट सुरू करा.

खडूफळा:
मेतकूट ताई, केलं. आमच्याकडे दिवाळीच्या आसपास बरीच पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात, म्हणून नोटीस अशी दिली, 'विद्यार्थी ९० दिवस गैरहजर, प्रगतीची शक्यता कमी'. एकाने लिहिलंय, अ‍ॅपला बैलगाडीत घालून फडावर नेलं, तिथं रेंज नाही, मग मुकादमाने अ‍ॅपचीच गैरहजेरी मांडली.